निदानाची यंत्रं तयार करायची, तर डॉक्टरच व्हायला हवं का?

प्रश्न: मी बारावी विज्ञान शाखेत शिकते. गणित आणि भौतिकशास्त्र आवडतं, जीवशास्त्रही घेतलंय. ऊतींच्या प्रतिमेवरून आजार लवकर ओळखणारी उपकरणं बनवायची इच्छा आहे. आईबाबा म्हणतात, त्यासाठी आधी डॉक्टर हो. मी काय करू?

उत्तर: डॉक्टर होणं सक्तीचं नाही. सीटी स्कॅनसाठी १९७९ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं ते गॉडफ्रे हाउन्सफील्ड या अभियंत्याला आणि अ‍ॅलन कॉरमॅक या भौतिकशास्त्रज्ञाला. आईबाबांना हे जरूर सांग. रिपोर्टवर निदानाची सही करायची असेल तर मात्र वैद्यकीय पदवी आणि पुढे पॅथॉलॉजी (ऊती-पेशी तपासून निदान) किंवा रेडिओलॉजी (एक्स-रे, स्कॅनवरून निदान), याला पर्याय नाही. तुझा ओढा यंत्राकडे आहे, म्हणून भौतिकशास्त्र (प्रकाशशास्त्रासह), बायोमेडिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्स यांपैकी एक वाट धर. प्रोग्रॅमिंग कुठेही गेलीस तरी लागणारच.

पण एक गोष्ट कुठल्याही शाखेत गेलीस तरी सोडू नकोस: टिश्यू (ऊती) शरीरातून निघाल्यापासून स्क्रीनवर येईपर्यंत त्याचं काय काय होतं, ते लॅबमध्ये उभं राहून शीक. प्रतिमेतल्या कितीतरी चुका कॅमेऱ्यापर्यंत पोचायच्या आधीच झालेल्या असतात.

बायोप्सीचा, म्हणजे तपासणीसाठी काढलेल्या ऊतीचा तुकडा ताबडतोब १० टक्के बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये (ऊती टिकवणारा द्राव) जायला हवा, तोही तुकड्याच्या किमान दहापट द्रावात. उशीर झाला तर पेशी स्वतःच्याच एन्झाइम्समुळे विरघळायला लागतात. द्रावात वेळ कमी मिळाला तर तुकड्याचा मधला भाग कच्चा राहतो. मग पाणी काढून पॅराफिन मेणाचा ब्लॉक, मायक्रोटोमवर (पातळ काप घेणारं यंत्र) ३ ते ५ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) काप, कोमट पाण्यावर पसरून स्लाइडवर उचलणं, आणि स्टेनिंग, म्हणजे रंगवणं: हिमॅटॉक्सिलिननं केंद्रकं निळी-जांभळी, इओसिननं बाकीचं गुलाबी. समज, काप ४ ऐवजी ८ मायक्रॉनचा पडला. केंद्रकं एकमेकांवर येतात आणि गडद दिसतात. गडद केंद्रक हे कॅन्सरच्या खुणांपैकी एक. अनुभवी पॅथॉलॉजिस्ट काप जाड आहे हे ओळखतो. ज्याला हे कुणी शिकवलेलं नाही ते सॉफ्टवेअर फसतं. काप दुमडला, ब्लेडला खाच असल्यानं रेघ उमटली, कव्हरस्लिपवरच्या (स्लाइड झाकणारी पातळ काच) धुळीवर स्कॅनरचा फोकस बसला, तरी हाच घोळ.

आकडेही समजून घे. प्रति पिक्सेल ०.२५ मायक्रॉननं १५ बाय १५ मिलिमीटरचा काप स्कॅन केला, तर एका बाजूला ६०,००० पिक्सेल, एकूण ३६० कोटी. तीन रंगांचा एकेक बाइट धरला तर कॉम्प्रेस न करता जवळजवळ ११ जीबी, आणि ही एकच स्लाइड! म्हणून तिचे छोटे तुकडे करून प्रोग्रॅमला शिकवतात. इथेच नवखे हमखास चुकतात. एकाच रुग्णाचे काही तुकडे शिकवायला आणि काही चाचणीला गेले, तर अचूकता खोटी वाढते. विभागणी रुग्णांप्रमाणे कर. शिवाय चाचणी दुसऱ्या लॅबच्या स्लाइडवरही घे, कारण प्रत्येक लॅबच्या स्टेनचा रंग थोडा वेगळा असतो.

‘९० टक्के अचूक’ या शब्दांवर भाळू नकोस. १,००० माणसांत १० आजारी आहेत. चाचणी आजाऱ्यांपैकी ९० टक्के पकडते आणि निरोग्यांपैकी ९० टक्के बरोबर वगळते. म्हणजे ९ खरे रुग्ण सापडले, पण ९९० निरोग्यांपैकी ९९ जणांना उगाच ‘आजार आहे’ असं सांगितलं गेलं. त्या ९९ जणांची बायोप्सी कोण करणार, त्यांच्या रात्री कशा जाणार, हा विचार उपकरण बनवणाऱ्यानंच करायचा असतो.

टिश्यू न कापता आत पाहायचं असेल, तर ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी, म्हणजे परत आलेल्या प्रकाशाच्या व्यतिकरणातून आतले थर दाखवणारं तंत्र, याबद्दल वाच. हे तंत्र १९९१ मध्ये पुढे आलं. डोळ्याच्या पडद्याचे थर ते काही मायक्रॉनच्या बारकाव्यानं दाखवतं. त्वचेसारख्या अपारदर्शक ऊतीत मात्र प्रकाश विखुरतो, म्हणून एक-दोन मिलिमीटरपलीकडे ते पोचत नाही. ही मर्यादा जिला समजेल तीच तिच्यावर काम करू शकेल, म्हणून तरंग आणि व्यतिकरण मन लावून शीक.

आत्ता लगेच एवढं कर. कांद्याच्या पापुद्र्यावर आयोडीन टाकून शाळेच्या सूक्ष्मदर्शकातून मोबाइलनं २० फोटो काढ. त्याच भिंगातून स्टेज मायक्रोमीटरचाही (बारीक मापपट्टी कोरलेली स्लाइड) एक फोटो घे. त्याचा एक भाग सहसा ०.०१ मिलिमीटरचा असतो. इमेजजे (ImageJ) हे मोफत सॉफ्टवेअर घेऊन आधी मापपट्टी बसव आणि ५० पेशींची लांबी मोज. दुसऱ्या दिवशी तेच फोटो पहिले आकडे न बघता पुन्हा मोज. दोन दिवसांच्या आकड्यांत किती फरक पडला, ते वहीत लिही.

आणखी एक. पुढे कॉलेजात खरंच काही नवं सुचलं, तर पोस्टर लावण्याआधी किंवा शोधनिबंध छापण्याआधी पेटंटचा अर्ज दाखल कर. बऱ्याच देशांत आधी जाहीर केलेल्या गोष्टीचं नावीन्य संपलं असं धरतात. रोगनिदानाच्या पद्धतीला अनेक ठिकाणी पेटंट मिळत नाही, उपकरणाला मिळू शकतं. म्हणून अर्ज कशासाठी करायचा हे पेटंट वकिलाला विचारूनच ठरव.