सही करण्यापूर्वी

ख्रिस्तात प्रिय,

सप्रेम सलाम.

तुझे पत्र परवा मिळाले. मंडळीच्या तरुण संघातला तुझा मित्र पतसंस्थेतून कर्ज काढत आहे, जामीनदार म्हणून त्याला तुझी सही हवी आहे, आणि नाही म्हणणे ख्रिस्ती प्रीतीला धरून होईल का, असे तू विचारले आहेस. तू विचारलेस याचाच मला आनंद झाला, कारण तुझ्या वयात मी कोणालाच विचारले नव्हते.

माझा मित्र एका संध्याकाळी अर्ज घेऊन घरी आला होता. पेन्सिलने जिथे जिथे फुल्या मारल्या होत्या तिथे तिथे मी सह्या केल्या आणि आम्ही चहा घेतला. रक्कम किती, मुदत किती, हप्ते थकले तर काय, यातले मी काहीच वाचले नाही; आणि रोज सकाळी गुडघे टेकणारा मी त्या सहीविषयी मात्र देवाशी एक शब्दही बोललो नाही. पुढे चार वर्षे माझ्या पगारातून हप्ते कापले गेले, आणि मैत्रीही गेली, ज्याचे मला आजही अधिक दुःख आहे.

त्या दिवसांत बायबलातल्या यहोशवाच्या पुस्तकाचा नववा अध्याय मी पुन्हा वाचला. गिबोनचे लोक फाटकी गोणपाटे, ठिगळे लावलेले बुधले आणि वाळून बुरसलेल्या भाकरी घेऊन गिलगालच्या छावणीत आले आणि आपण फार दूरच्या देशाहून आलो आहोत असे सांगून सलोख्याचा करार मागू लागले. इस्राएलाच्या पुढाऱ्यांनी आळस केला असे म्हणता येत नाही. त्यांनी प्रश्न विचारले, शिदोरी हातात घेऊन पाहिली. परमेश्वराला विचारणे तेवढे राहून गेले. तीन दिवसांनी कळले की ही मंडळी शेजारचीच आहे, पण त्यांना जिवंत राखण्याची शपथ दिलेली होती आणि ती पुढाऱ्यांनी मोडली नाही. हप्ते भरताना मला त्या शपथेचा आधार वाटे.

आणि पाहा, पुढे याच गिबोनात देवाने शलमोन राजाला स्वप्नात दर्शन देऊन ‘काय हवे ते माग’ म्हटले, तेव्हा मी केवळ लहान मूल आहे अशी कबुली देऊन त्याने दीर्घायुष्य किंवा धन न मागता ऐकणारे, बरेवाईट ओळखणारे मन मागितले. जिथे वडीलधारे विचारायला विसरले तिथेच एका तरुणाने मागितले. तूही माग. ज्याला ज्ञान उणे आहे त्याने देवाजवळ मागावे, तो दोष न लावता उदारपणे देतो, असे याकोब लिहितो. त्यातले ‘दोष न लावता’ हे शब्द मला फार मोलाचे वाटतात.

मात्र मागितल्यावर स्वप्नाची वाट पाहत बसू नकोस, कारण तुझ्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर नीतिसूत्रांत आधीच लिहिलेले आहे. सहावा अध्याय वाच. मग बाविसाव्यातल्या सव्विसाव्या आणि सत्ताविसाव्या ओवी वाच, जिथे फेडायला काही नसलेल्या जामीनदाराच्या अंगाखालचे अंथरूणही काढून नेतील, असा इशारा आहे. आपला १८७२चा करार कायदाही कलम १२८मध्ये, करारात वेगळे ठरलेले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच धरतो. म्हणून ते सगळे कर्ज उद्या तुलाच फेडावे लागले तर घर न मोडता आणि मन कडू न होता तू ते फेडू शकशील का, हा हिशेब आईवडिलांसमोर बसून कर. फेडू शकणार नसशील, तर सही करू नकोस; जमेल तेवढी रक्कम मदत म्हणून दे आणि ती परत मागू नकोस.

नकार द्यायचा झाला तर तो कसा द्यावा, हेही याकोबाच्या तिसऱ्या अध्यायात आहे: वरून येणारे ज्ञान शुद्ध, शांतिप्रिय, सौम्य आणि निर्दंभ असते. तेव्हा ‘घरचे नको म्हणतात’ अशी सबब सांगू नकोस आणि फोन उचलायचेही टाळू नकोस. त्याच्या घरी जा, कर्ज कशासाठी लागते आहे ते पूर्ण ऐकून घे, आणि मग स्वतःच्या तोंडाने खरे कारण सांग. त्याला वाईट वाटेल. तरीही त्याच्याजवळ थोडा वेळ बस.

अर्जाची कोरी प्रत मिळाली तर रविवारी उपासनेनंतर घेऊन ये. आधी दोघे प्रार्थना करू, मग ती ओळ न ओळ वाचू.

तुझा,
काका