नवा जनरेटर की जुन्याचं इंजिन उघडायचं? आधी तासमीटर बघा

तुमचं पत्र थोडक्यात असं. सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावाबाहेर तुम्हा दोघा भावांचं मंगल कार्यालय आहे. ६२.५ केव्हीएचा डिझेल जनरेटर ११ वर्षांचा झालाय. गेल्या वैशाखात ऐन मुहूर्ताला लाइट गेली, जनरेटर सुरूच झाला नाही आणि वधूपक्षाला ४० हजार सोडावे लागले. मग मेकॅनिकने सायलेन्सरमधून गळणारं काळं तेल दाखवलं आणि ‘रिंगा (पिस्टनभोवतीची कडी) गेल्यात, इंजिन उतरवावं लागेल’ म्हणून १ लाख ८० हजार सांगितले. विक्रेता जुना १ लाख ४० हजाराला घेऊन ८ लाख ४० हजाराचा नवा द्यायला तयार आहे. वरचे ७ लाख कर्जाने. थोरले बंधू नव्याच्या बाजूचे, तुम्ही दुरुस्तीच्या.

माझं मत विचाराल, तर या महिन्यात दोन्ही करू नका.

पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात, की मीटरवर १,४३० तास दिसतात. सगळ्या पत्रात मला महत्त्वाचा वाटला तो हा आकडा. ताशी ४० किलोमीटर धरले तर हे ट्रकचे साधारण ५७ हजार किलोमीटर झाले. एवढ्याशा धावेला ट्रकचं इंजिन कुणी उघडत नाही. वेळेवर तेलपाणी मिळालेलं असं इंजिन ओव्हरहॉलपर्यंत (पूर्ण उघडून दुरुस्त करेपर्यंत) सहसा कित्येक हजार तास काढतं. तुमचं वर्षाला १३० तास चालतं. ते बिघडलं असेलच, तर चालून नाही, उभं राहून आणि हलक्या लोडवर.

लोडचं नीट समजून घ्या, कारण १ लाख ८० हजार इथेच अडकलेत. ६२.५ केव्हीए ही जनरेटरची क्षमता. तिच्यातली प्रत्यक्ष कामाला येणारी वीज, म्हणजे पॉवर फॅक्टर, ०.८ धरला तर ५० किलोवॅट. तुम्ही पाठवलेल्या यादीत दिवे, पंखे, साउंड, पाण्याची मोटर मिळून १२-१३ किलोवॅट भरतात, म्हणजे जेमतेम पाव. ३० टक्क्यांच्या खाली इंजिन तासन् तास चाललं, की ते पुरेसं तापत नाही, डिझेल पुरतं जळत नाही आणि उरलेलं तेलकट काजळीबरोबर सायलेन्सरच्या जोडातून ठिबकतं. रिंगा गेल्यावर गळणारं तेल आणि हे, नुसत्या डोळ्यांना सारखंच दिसतं. म्हणून आधी तपासणी करा, आणि ओव्हरहॉलचं काम ज्याला मिळणार आहे त्याच्याकडून नको, दुसऱ्याकडून. इंजिन ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत द्यायचा, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजायचं, ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून, येणारा वाफारा बघायचा आणि लोड बँक (जनरेटरवर कृत्रिम लोड टाकणारं यंत्र) भाड्याने आणून ३५ किलोवॅटवर तीन-चार तास चालवायचा. या सगळ्याला १५ हजार बाजूला ठेवा. गळणं थांबलं आणि कॉम्प्रेशन ठीक निघालं, तर १ लाख ६५ हजार वाचले. नाही थांबलं, तर निदान खात्रीने पैसे घालाल.

आणि त्या दिवशीचं काय? तुम्हीच लिहिलंय, की ट्रॅक्टरची बॅटरी जोडल्यावर जनरेटर लगेच सुरू झाला. मग ४० हजार बुडाले ते बॅटरीपायी. दहा-बारा हजारांची वस्तू ती. त्या रागात ७ लाखांचं कर्ज काढू नये.

हे कर्ज ११ टक्क्यांनी ५ वर्षांचं धरलं, तर हप्ता साधारण १५,२२० रुपये आणि एकूण व्याज २ लाख १३ हजार. हप्ता बाराही महिने जाणार, तुमच्याकडे तारखा मात्र तुळशीच्या लग्नापासून आषाढापर्यंतच. चातुर्मासातले चार हप्ते कुठून भरायचे, हे बंधूंशी बसून कागदावर मांडा. ‘टॅक्समध्ये सगळं वसूल होतं’ हे विक्रेत्याचं म्हणणंही तपासून घ्या. यंत्रावर घसारा (झिजेपोटी वजावट) दरवर्षीच्या घटत्या किमतीवर १५ टक्के मिळतो, तोही उत्पन्नातून वजा होतो, करातून नाही. आणि अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत (उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांना नफा धरतात ती) विवरणपत्र भरत असाल, तर घसारा वेगळा वजाच होत नाही.

आता देखभाल. ‘तास भरले नाहीत म्हणून चार वर्षं ऑइल बदललं नाही’, हे तुमचं वाक्य वाचून मला वाईट वाटलं. तास भरोत न भरोत, वर्षातून एकदा ऑइल आणि फिल्टर बदलायचेच. उभ्या इंजिनातही ओल धरते आणि ऑइल आंबट होतं. तुमच्या जनरेटरला पावसाळा सगळ्यात वाईट. अर्ध्या रिकाम्या टाकीत हवेतलं बाष्प धरतं आणि पाणी होऊन तळाशी बसतं. मागे एका ग्राहकाकडे श्रावणात आम्ही फिल्टरचा तळ सोडून काचेच्या बाटलीत धरला, तर खाली तीन बोटं पाणी आणि वर डिझेल. आषाढी एकादशीच्या आधी टाकी काठोकाठ भरा आणि दर पंधरवड्याला वॉटर सेपरेटर (डिझेलमधलं पाणी वेगळं करणारा फिल्टर) सोडून साचलेलं पाणी काढा. त्याच दिवशी अर्धा तास जनरेटर चालवा, पण रिकामा नको, जमेल तेवढा लोड देऊन. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतू नका, क्षार धरतात. तयार कूलंटच घाला. एअर फिल्टरला कॉम्प्रेसरची हवा मारून पुन्हा बसवण्यापेक्षा नवा टाका, कागदाला बारीक भोक पडलं तरी धूळ थेट लायनरवर (सिलिंडरच्या आतल्या नळीवर) जाते. बॅटरी तीन-चार वर्षांनी बदला, मुहूर्ताची वाट बघू नका.

या सगळ्याला वर्षाला ३० हजार धरा. ते ऑक्टोबरमध्ये, नव्या तारखांचा बयाणा हातात येतो तेव्हाच वेगळे काढा. शिवाय दरमहा ६ हजारांचं आवर्ती खातं आजच उघडा. साडेसहा टक्के धरले तर ७ वर्षांनी साधारण ६ लाख ३८ हजार होतील. जुना त्या वेळी खरंच थकला, तर नवा बहुतेक रोखीत येईल, आणि तोवर खरा लोड किती हेही तुम्हाला कळलेलं असेल. मला तर वाटतं, तेव्हा तुम्हाला २५ किंवा ३० केव्हीएचाच पुरेल. एसी मागणाऱ्या मोजक्या लग्नांना जनरेटर व्हॅन भाड्याने आणून बिलात लावता येते.

माझं मत एका गोष्टीने बदलेल. पूर्ण लोडवरही ऑइल कमी होत असेल, नमुन्यात लोखंडाचं प्रमाण चढलेलं असेल आणि वर अल्टरनेटरचं (वीज तयार करणाऱ्या भागाचं) वाइंडिंग मेगरला (तारांचं इन्सुलेशन मोजणाऱ्या यंत्राला) कमी दाखवत असेल, तर १ लाख ८० हजार जुन्यात घालण्यात अर्थ नाही. तेव्हा बंधूंचं बरोबर. तोवर विक्रेत्याला विसार देऊ नका. ‘ही एक्स्चेंज किंमत आठवडाभरच’ असं तो म्हणत असेल, तर म्हणू द्या.

बॅटरी मात्र याच आठवड्यात बदला. अहवाल आले की दोघे मिळून पाठवा, मी आकडे पुन्हा मांडून देतो.