वाचक विचारतात : एनसीपीएत कुठे बसावं?

प्रश्न : साताऱ्याहून खास मुंबईला येऊन एनसीपीएत (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) एक गायनाची मैफल आणि एक पाश्चात्त्य वाद्यवृंद ऐकायचा आहे. सगळ्यात महागाचं तिकीट म्हणजे सगळ्यात चांगली जागा, असं असतं का?

उत्तर : नाही. आधी तिकिटावर सभागृहाचं नाव वाचा. नरिमन पॉइंटच्या टोकाला त्या एकाच आवारात पाच सभागृहं आहेत आणि चुकीच्या दारापाशी उभी असलेली मंडळी नेहमी दिसतात.

गाणं टाटा थिएटरात असेल तर मधल्या भागातली, सातव्या ते बाराव्या रांगेच्या आसपासची जागा घ्या. १९८० साली उघडलेलं, हजारभर आसनांचं हे सभागृह पंख्यासारखं पसरलेलं आहे. फिलिप जॉन्सन यांनी आराखडा केला, ध्वनीची बाजू सिरिल हॅरिस यांनी सांभाळली. माइकशिवाय ऐकू यावं, हाच उद्देश होता. आता बहुतेक मैफलींना माइक असतो, तरी अगदी कडेच्या खुर्च्या टाळाव्यात. गळ्यातून निघणारे तीक्ष्ण ध्वनी समोरच्या दिशेनं जास्त जातात. कडेला सूर पोचतो, बंदिशीचे शब्द मात्र पुसट होतात. पहिल्या दोन रांगांत गाण्यापेक्षा तबला जास्त ऐकू येण्याचा धोका.

वाद्यवृंद बहुधा जमशेद भाभा थिएटरात असतो. तिथे आमचं मत सरळ बाल्कनीच्या बाजूनं. खाली पुढे बसलात तर व्हायोलिनवाल्यांच्या पाठीमागचं काहीच दिसत नाही. वरून बासऱ्या, शिंगं, नगारे, सगळं दिसतं आणि आवाजही एकजीव होऊन येतो. फक्त पियानो ऐकायला जात असाल तर डावीकडची जागा घ्या. वादकाची बोटं तिथूनच दिसतात.

सभासदांसाठी तिकीटविक्री आधी उघडते, त्यामुळे सर्वांसाठी खुली होण्याची तारीख बघून ठेवा आणि त्याच दिवशी तिकीट काढा.

प्रश्न : वाद्यवृंद ऐकताना टाळ्या कधी वाजवायच्या? मागच्या वेळी आम्ही वाजवल्या आणि लोक वळून बघायला लागले.

उत्तर : सिम्फनीचे, म्हणजे पूर्ण वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचनेचे, बहुधा चार भाग असतात; कंचेर्तोचे, म्हणजे एका प्रमुख वादकासह वाद्यवृंदाच्या रचनेचे, तीन. हातातल्या पत्रिकेत ते ओळीनं छापलेले असतात, मोजत राहा. दोन भागांमधल्या शांततेत टाळी नाही. मोजदाद चुकली तर वाद्यवृंदाला इशारे देणाऱ्या कंडक्टरचे हात बघा. हात खाली येऊन तो प्रेक्षकांकडे वळेपर्यंत थांबा. चायकॉव्हस्कीच्या सहाव्या सिम्फनीचा तिसरा भाग इतक्या जल्लोषात संपतो की भलेभले फसतात. खरा शेवट त्यानंतरच्या संथ चौथ्या भागात आहे. गाण्याच्या मैफलीतली समेवरची दाद इथे चालत नाही आणि इथला कडकडीत मौनराग तिथे नेऊ नका. गवयाला तो बोचतो.

प्रश्न : गायक मंचावर आल्यावर पाच-सात मिनिटं तंबोरे लावत बसतात. आत खोलीत का लावून येत नाहीत?

उत्तर : लावूनच आलेले असतात. पण खोलीतली हवा वेगळी, मंचावरची वेगळी. दिव्यांच्या उष्णतेनं तारा किंचित लांबतात, सूर उतरतो. तबल्याचं उलटं : समुद्रालगतच्या दमट हवेतून एसीच्या कोरड्या हवेत आलं की चामडं आवळतं आणि सूर चढतो. म्हणून तंबोऱ्याला आधी खुंटी, मग तारेत ओवलेला मणी सरकवून बारीक फरक, शेवटी घोडीवर तारेखाली असलेला जवारीचा दोरा. तबल्याला मोठ्या फरकासाठी गट्टे (वादीखालचे लाकडी ठोकळे), बारीकसाठी गजऱ्यावर (चामड्याच्या कडेच्या वेणीवर) हातोडी : वरून ठोकली की सूर चढतो, खालून ठोकली की उतरतो. एसी कमी करा, अशी विनंती कलाकार करतात तेव्हा तो नखरा नसतो.

प्रश्न : पोचायचं कसं? उशीर झाला तर?

उत्तर : चर्चगेटहून साधारण दोन किलोमीटर. मरीन ड्राइव्हनं चालत पंचवीस-तीस मिनिटं, नाहीतर टॅक्सी. पावसाळ्यात छत्रीचा भरवसा धरू नका, वारा ती उलटी करतो. अर्धा तास आधी पोचा. उशिरा येणाऱ्यांना मध्येच आत सोडत नाहीत, दाराबाहेर थांबावं लागतं. खोकल्याच्या गोळ्यांचे कागद बाहेरच सोडून घ्या.