बालीच्या देवळांत आपल्याला पूजेला आत घेतात का?

तुम्ही विचारलंय की आईवडिलांना बालीच्या देवळांच्या यात्रेला न्यायचंय, तर तिथे हिंदू म्हणून आत घेतात की पर्यटकांबरोबर बाहेरच उभं करतात?

घेतात. आम्ही गोव्यातल्या प्रियोळचे. दोन वर्षांपूर्वी सत्तरी ओलांडलेल्या आईला घेऊन गेलो, देवीचा कौल घेऊनच. गोव्याहून थेट विमान मिळालं नाही, बंगळुरूहून गेलो. मात्र "आम्ही हिंदू" एवढं सांगून भागत नाही. पूजेला आलोय असं स्पष्ट सांगावं लागतं आणि तसा वेषही लागतो: कमरेला सारोंग, त्यावर पट्टा, पुरुषांच्या डोक्याला उदेंग नावाचा रुमाल. सोवळ्याशिवाय आपल्याकडे गाभाऱ्यात कुठे सोडतात? तसंच ते. पाळीच्या दिवसांत बायकांना प्रवेश नाही, दारावर पाटीच असते.

आईचा पहिला प्रश्न बेसाकीला आला. आगुंग ज्वालामुखीच्या उतारावरचं हे त्यांचं सगळ्यांत मोठं देवस्थान. १९६३ च्या उद्रेकात लाव्हा जवळून गेला आणि मंदिर वाचलं, हे तिथला प्रत्येक जण सांगतो. आतल्या चौकात उंच दगडी आसनं, खाली कासव आणि नाग, वर काहीच नाही. आई म्हणाली, "देव खंय रे?"

देव त्या रिकाम्या जागेत. त्या आसनाला पद्मासन म्हणतात. बेसाकीला अशी तीन आहेत, ब्रह्मा, विष्णू, शिव यांची. मुखवटा, अलंकार, आरती पाहायची सवय असलेल्या आपल्या डोळ्यांना हे जड जातं. ही पद्मासनं बालीत रुजवण्याचं श्रेय सोळाव्या शतकात जावाहून आलेल्या निरर्थ नावाच्या पुरोहिताला देतात. त्याच शतकात, १५६० मध्ये, आमचा देव मंगेश कुठ्ठाळीहून जुवारी नदी ओलांडून प्रियोळला आला. हे सांगितल्यावर आई गप्प बसली आणि हात जोडले.

पूजा सोपी असते. मांडी घालून बसायचं. पहिल्यांदा रिकामे हात कपाळाशी, मग बोटांच्या टोकांत फूल धरून, आणि शेवटी पुन्हा रिकामे हात. पुजारी तीर्थ शिंपडतो, प्यायला देतो, आणि त्यांचा शब्दही 'तीर्त'च. मग ओले तांदूळ कपाळाला चिकटवायचे. त्यांची त्रिसंध्या, म्हणजे दिवसातून तीनदा म्हणायची प्रार्थना, गायत्रीनेच सुरू होते. कर्ण्यावरून ती ऐकली तेव्हा आई पुढचे शब्द आपोआप म्हणू लागली.

एक सांगून ठेवतो, नाहीतर घरचे दचकतील. माडाच्या कोवळ्या पानांचे छोटे द्रोण, त्यात फुलं, असे नैवेद्य जिथे तिथे ठेवलेले दिसतात. भुतांसाठीचे थेट जमिनीवर, त्यावर दारूही शिंपडतात. मोठ्या उत्सवात डुकराचाही नैवेद्य असतो. बंगळुरूचे एक सहप्रवासी नाक मुरडत होते. आम्ही मुरडलं नाही. देवचाराला, म्हणजे गावच्या राखणदाराला, रोट, विडी आणि सोरो (दारू) ठेवणाऱ्यांनी कुठल्या तोंडाने मुरडायचं?

तीर्त एम्पुल या झऱ्याच्या देवळात मात्र माझी फजिती झाली. झऱ्याचं गार पाणी दगडी तोट्यांतून कुंडात पडतं. कंबरभर पाण्यात उभं राहून एकेका तोटीखाली डोकं धरत पुढे सरकायचं. मी ओळीने सगळ्या घेत चाललो होतो, तेवढ्यात मागच्या म्हातारीने दंड धरून मला ओढलं. तिथल्या दोन तोट्या मृतांच्या विधीसाठी राखलेल्या, त्या जिवंत माणसाने वगळायच्या. भाषा कळली नाही, पण तिचा चेहरा पाहून कळलं. आई काठावर बसून हसत होती.

तारीख ठरवताना न्येपी तेवढा बघा. हा त्यांचा शक संवत्सराचा पहिला दिवस, शक आपलाच. २०२५ मध्ये तो २९ मार्चला होता आणि आपला पाडवा ३० ला, दोघांचाही शक १९४७. पण गुढी, गोडधोड काही नाही: दिवे बंद, रस्ते ओस, विमानतळसुद्धा २४ तास बंद. त्या दिवशी उतरायचा बेत कराल तर फसाल.

आईवडिलांचे गुडघे कुरकुरत असतील तर आधी तीर्त एम्पुल करा, तिथे चढ कमी. न्हायचं सारोंग तिथेच भाड्याने मिळतं, कोरडे कपडे तेवढे न्या. बेसाकीच्या पायऱ्या पुष्कळ आहेत. सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत.