वाचकांचे प्रश्न : परिषदेला जावे, की घरून निबंध वाचावा?

या वेळी बडोद्याहून आलेली तीन पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत, म्हणून ती एकत्र घेत आहे.

प्रश्न : मी संस्कृतमध्ये पीएच.डी. करते. एका पोथीवरचा माझा निबंध जर्मनीतील परिषदेने स्वीकारला असून तो तेथे येऊन किंवा ऑनलाइन वाचण्याची मुभा दिली आहे. परिषद ऑक्टोबरच्या शेवटी आहे. विमानभाडे आणि मुक्काम यांचा खर्च मला झेपणारा नाही, शिवाय मुलगा दोन वर्षांचा आहे. माझ्या मार्गदर्शक बाई म्हणतात, की ऑनलाइन वाचलेला निबंध कोणी मोजत नाही. मी काय करावे? (एक संशोधक, दांडिया बाजार)

उत्तर : आधी ‘मोजण्या’चे पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६च्या नियमांनुसार प्रबंध सादर करण्यापूर्वी परिषदांत दोन निबंध वाचणे आणि एक शोधनिबंध प्रकाशित करणे सक्तीचे होते. नोव्हेंबर २०२२च्या नियमांत ही सक्ती राहिली नाही. मात्र विद्यापीठे आपल्या पातळीवर अशी अट ठेवू शकतात. तेव्हा तुमच्या नोंदणीला कोणते नियम लागू आहेत आणि त्यांत ऑनलाइन वाचन धरले जाते का, हे विद्यापीठाकडून लेखी मागून घ्या. तोंडी उत्तर टेबलागणिक बदलते.

बाईंचे म्हणणे मला सर्वस्वी पटत नाही. तुमच्याच विषयातील विश्व संस्कृत परिषदेचे १८वे अधिवेशन जानेवारी २०२३मध्ये कॅनबेराच्या यजमानपदाखाली ऑनलाइन भरले होते, आणि तेथे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेतीन असतात. त्या वेळी उठून निबंध वाचणाऱ्याने काम केले नाही, असे कोण म्हणेल? अनुपस्थित लेखकाचा निबंध ‘वाचला असे समजून’ दप्तरी लावण्याची पद्धतही विद्वत्सभांना जुनीच आहे. १९३३ साली अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषदेचे सातवे अधिवेशन बडोद्यातच भरले, त्या काळी न येऊ शकणाऱ्याला टपालाखेरीज मार्ग नव्हता. पाकिटातून गेलेल्या निबंधाला कोणी प्रश्न विचारू शकत नसे. तुम्हाला विचारू शकतील, आणि परिषदेचा खरा उपयोग तोच आहे.

तरी बाईंच्या बोलण्यात एक खरी गोष्ट आहे. सत्र संपल्यावर चहाच्या रांगेत कोणीतरी गाठतो आणि ‘या पोथीची दुसरी प्रत अमक्या संग्रहात आहे, पाहिलीत का?’ असे सहज सांगून जातो, ते पडद्यावर आपोआप घडत नाही. ते घडवावे लागते. कार्यक्रमपत्रिका हाती आली, की तुमच्या सत्रातील दोघातिघांना आठवडाभर आधी चार ओळींचे पत्र लिहा, सोबत दोन पानांचे टिपण जोडा आणि ज्या ओळीचा अर्थ तुम्हाला लागलेला नाही ती ओळ मोकळेपणाने त्यांच्यापुढे ठेवा. स्वतःची वीस मिनिटे झाली की खिडकी बंद करून जाणारे पुष्कळ असतात. तुम्ही संपूर्ण सत्र बसा आणि निदान एका वक्त्याला प्रश्न विचारा. ज्याने तुम्हाला प्रश्न विचारला, त्याला दोन दिवसांत सविस्तर उत्तर पाठवा.

पोथीच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी लागेल. संग्रहालये आणि ग्रंथालये छायाचित्रे देताना बहुधा अटी घालतात. बंद खोलीत पान दाखवणे आणि तेच पान रेकॉर्डिंगमधून सर्वत्र जाणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून संग्रहाची परवानगी आधी घ्या, आणि ती न मिळाल्यास आयोजकांना तुमचा भाग रेकॉर्ड न करण्याविषयी कळवा. अख्खे पान पडद्यावर टाकले, तर अक्षरे मुंग्यांसारखी दिसतात. ज्या ओळीवर तुमचा मुद्दा उभा आहे तेवढीच कापून मोठी करा आणि खाली देवनागरीत लिप्यंतर द्या.

वेळेचा घोळ सहज होतो. उन्हाळी वेळ चालू असताना जर्मनीतील दुपारचे दोन म्हणजे आपले साडेपाच. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तेथील घड्याळे तासाने मागे गेली, की तेच दोन आपल्याकडे साडेसहाला वाजतात. तुमची परिषद नेमकी त्याच सुमारास आहे. आणि नवरात्र जवळ असेल, तर मंडप कोठे पडणार आहे तेही पाहून ठेवा. एका वर्षी मी न्यूयॉर्कच्या सकाळी साडेअकराला, म्हणजे आपल्या रात्री नऊला, बोलण्यास बसलो आणि पाचव्या मिनिटाला गल्लीत गरबा सुरू झाला. सत्राध्यक्षांनी अत्यंत सौजन्याने विचारले, की हे वाद्यवादन निबंधाचा भाग आहे काय.

तेव्हा या खेपेला ऑनलाइन वाचा. पैसे मात्र साठवत राहा आणि प्रबंधाचे शेवटचे प्रकरण हाती असेल तेव्हा एकदा प्रत्यक्ष जा. जर्मनीला जाण्यासाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी करावा लागतो. प्रौढांसाठी त्याचे शुल्क जून २०२४पासून ९० युरो आहे.

प्रश्न : मी महाविद्यालयात वाणिज्य शिकवतो. एका ‘आंतरराष्ट्रीय ऑनलाइन परिषदे’चे निमंत्रण आले, सारांश पाठवला आणि दुसऱ्याच दिवशी तो स्वीकारला गेला. आता शुल्क मागत आहेत. भरावे का? (एक प्राध्यापक, रावपुरा)

उत्तर : माझे मत विचाराल, तर भरू नये. एकाच परिषदेत वाणिज्य, नॅनोतंत्रज्ञान आणि शुश्रूषाशास्त्र असे सगळे विषय असतील आणि सारांशावर कोणीही एक शेरादेखील मारला नसेल, तर तेथे विकले जात आहे ते प्रमाणपत्र. खात्री हवी असेल तर सल्लागार समितीतील एखाद्या प्राध्यापकांचा पत्ता त्यांच्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून काढा आणि त्यांनाच विचारा. आपले नाव त्या यादीत आहे, हे ऐकून काही जण चकित होतात.

प्रश्न : आमचे मंडळ बडोद्यातील मराठी वस्तीच्या इतिहासावर एक दिवसाचे चर्चासत्र घेणार आहे. सभागृहात साठ-सत्तर लोक असतील. पुणे, तंजावर आणि टोरांटो येथील तीन अभ्यासक ऑनलाइन बोलतील. कशाची तयारी ठेवावी? (मंडळाचे कार्यवाह)

उत्तर : चित्रापेक्षा आवाजावर खर्च करा. वक्त्याचा चेहरा अंधूक दिसला तरी चालते, पण शब्द तुटू लागले की दहा मिनिटांत लोक बाहेर चहाला जातात. सभागृहातील ध्वनियंत्रणेतून थेट संगणकात आवाज जाईल, अशी तार जोडण्यास माईकवाल्याला आदल्या दिवशीच बोलवा. लॅपटॉपच्या माईकवर विसंबू नका. सर्वांत जास्त घात होतो तो श्रोत्यांच्या प्रश्नांत. मागच्या रांगेतील आजोबा माईक न घेता उभे राहून बोलतात, सभागृह हसते, आणि तंजावरच्या अभ्यासकाला नुसते हसणे ऐकू येते. माईक हाती आल्याशिवाय प्रश्न घेऊ नये, किंवा सत्राध्यक्षांनी तो मोठ्याने पुन्हा म्हणावा.

पडद्यावरील लोकांकडे लक्ष ठेवण्यासाठी एक तरुण कार्यकर्ता नेमा आणि दिवसभर त्याला दुसरे कोणतेही काम सांगू नका, हारतुऱ्यांचेही नाही. टोरांटोच्या अभ्यासकांना सकाळच्या सत्रात घालू नका. आपले सकाळचे दहा म्हणजे तेथील मध्यरात्र. संध्याकाळी सहा ठेवलेत, तर तेथे उन्हाळ्यात साडेआठ आणि हिवाळ्यात साडेसात वाजलेले असतील. तिघांकडूनही भाषणाचे रेकॉर्डिंग आधी मागवून ठेवा, म्हणजे जोडणी तुटली तरी निबंध ऐकवता येईल.

आणि झूमचे मोफत खाते वापरणार असाल, तर बैठक ४० मिनिटांनी बंद पडते. दीपप्रज्वलन, स्वागत, प्रास्ताविक आणि पाहुण्यांचा परिचय यांतच तेवढी मिनिटे जातात, असा माझा अनुभव आहे.