माडाखाली, कलमाखाली, घरामागे : सावलीत फुलझाडं लावायची तर कुठली?

नमस्कार मंडळी. पावसाच्या तोंडावर दरवर्षी फुलझाडांचे प्रश्न येतात. यंदा त्यातले तीन एकाच जातीचे आहेत, म्हणून उत्तर एकत्रच देतो. मालवणच्या एका ताईंनी विचारलंय, "मोगऱ्याक पाना भरपूर, पण फूल एक नाय, काय करूचा?" त्यांचा मोगरा घराच्या मागे, पोफळीच्या रांगेला लागून आहे. गुहागरच्या एका दादांची जुनी माडाची बाग आहे, त्यात गजऱ्यासाठी अबोली होईल का असं त्यांना हवंय. आणि देवगडच्या काकांनी हापूसच्या कलमाखाली दोन वर्षं वेगवेगळी फुलझाडं लावून बघितली, जे लावलं ते खुरटंच राहिलं, माती खराब आहे का असं ते विचारतायत.

तिघांचंही मूळ सावलीत आहे, पण तिन्ही सावल्या वेगळ्या आहेत आणि आपण नेमकं तेच बघत नाही. रोप घेताना नर्सरीवाल्याला "सावलीत चालेल ना?" एवढंच विचारतो, तो हो म्हणतो आणि आपण घेऊन येतो. त्याआधी एक काम करा. एखाद्या उन्हाच्या दिवशी सकाळी 8 पासून संध्याकाळी 5 पर्यंत दर दोन तासांनी त्या जागेवर जाऊन उभे राहा, ऊन थेट पडतंय, पानांतून ठिपक्याठिपक्यांनी पडतंय की अजिबात नाही ते कागदावर लिहा. एका दिवसाचं काम आहे, पण त्यावर पुढचं सगळं ठरतं. आणि हे हिवाळ्यात एकदा आणि मे महिन्यात एकदा करा, कारण आपल्याकडे कोकणात मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि नंतर ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारी तो उत्तरेकडे झुकलेला असतो. म्हणजे घराची उत्तरेकडची भिंत, जिथे डिसेंबरात उन्हाचा कवडसा पण नसतो, तिथे मे महिन्यात चांगलं ऊन येतं. मग लोक म्हणतात थंडीत छान होतं, मे मध्ये पानं कशी काय करपली. ती अशी करपली.

आता ताई, तुमचा मोगरा. त्याला दिवसाचं निदान 5-6 तास थेट ऊन लागतंच, त्याशिवाय तो फांद्या लांबवतो, पानं काढतो, कळी धरत नाही. तुम्ही शेणखत वाढवलंत असं लिहिलंय, त्याने पानंच अजून वाढणार. खताचा प्रश्न नाहीये, जागेचा आहे. पाऊस सुरू झाला की मुळांभोवतीच्या मातीसकट उचला आणि पुढच्या अंगणात न्या, पाणी साचणार नाही अशी जागा बघा, जानेवारीत छाटणी करा, नंतर थोडे दिवस पाणी तोडा. उन्हाळ्यात फुलेल.

आणि ती मागची जागा रिकामी ठेवू नका, ती सोनटक्क्याची जागा आहे! ओल आहे, थोडं सकाळचं ऊन आहे, पानांचा पाचोळा आहे, सोनटक्क्याला अजून काय पाहिजे. कोणाकडून तरी दोन-तीन डोळे असलेला कंदाचा तुकडा आणा, 5-7 सेंटीमीटर खोल लावा, गणपतीच्या सुमारास घर वासाने भरून जाईल. त्याच्या एका दांड्याला एकदाच फुलं येतात, म्हणून फुलून गेलेला दांडा मुळाजवळून कापायचा म्हणजे बाजूचे नवीन कोंब पुढे येतात, नुसतं गबाळ वाढत नाही. त्याच्या पुढच्या बाजूला, जिथे ऊन थोडं जास्त आहे, तिथे तेरडा टाका. आपल्याकडे कितीतरी घरांत तेरड्याचीच गौर आणतात, मग ती परसातच असली तर शोधत फिरायला नको. अनंत पण तिथे होईल, सकाळचं ऊन मिळालं की पुरतं. फक्त अनंत भिंतीला चिकटून लावू नका. त्याला आंबट माती लागते, आपली जांभ्याची माती मुळातच तशी आहे, पण सिमेंट-चुन्याची भिंत असेल तर तिथली माती बदलते आणि पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या असं दिसायला लागतं. ही लोहाची कमतरता. चुलीतली राख अनंताला घालायची नाही, बाकी झाडांना घाला खुशाल.

गुहागरच्या दादांना उत्तर, हो, अबोली होईल आणि चांगली होईल. अबोलीला विरळ सावली मानवते. पण बाग किती जुनी आहे ते महत्त्वाचं. माड साधारण 8 ते 25 वर्षांचा असतो तेव्हा झावळ्या खाली असतात आणि गच्च सावली पडते, त्यात अबोलीला फुलं कमी येणार. त्यापुढे माड उंच जातो, ऊन तिरपं आत शिरतं, तुमची बाग तशी असेल तर सुरुवात करायला हरकत नाही. दोन माडांमध्ये 7.5 मीटर अंतर असेल तर प्रत्येक बुंध्यापासून 2 मीटर सोडून द्या, माडाची कामाची मुळं जास्त करून तेवढ्यातच असतात, तिथे खणलंत तर नारळ कमी होतील आणि अबोलीला पण काही मिळणार नाही. मधे साडेतीन मीटरचा पट्टा उरतो तो तुमचा. आपल्या दापोलीच्या कृषी विद्यापीठाची रत्नागिरीजवळच्या भाट्याची लाखी बाग बघितली असेल तर त्याच विचाराने चाला, तिथे माडात मसाला आहे, इथे फुलं.

गादीवाफा करा, अर्धा फूट तरी उंच, आपल्या पावसात सपाट जमिनीवर अबोली कुजते म्हणजे कुजतेच. दिल्ली अबोली ही जात घ्यायची असेल तर तिचं बी धरत नाही, छाट कलमांवरच लावावी लागते, त्यामुळे रोपं कुठून आणताय ते नीट बघा. एखादं रोप उपटून मुळांवर गाठी आहेत का तपासा, त्या सूत्रकृमींच्या, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या अगदी बारीक जंतांच्या असतात, ते एकदा बागेत आले की जात नाहीत. जुन्या जागेत लावणार असाल तर आधी एक हंगाम झेंडू काढा आणि झाडं तिथेच गाडा, सूत्रकृमी कमी होतात. आणि सगळं एकदम लावू नका, पहिल्या वर्षी दोन गुंठे लावा, कारण अबोली तोडायला माणूस लागतो, एकेक फूल हाताने, घरात तेवढे हात आहेत का ते आधी बघा. गच्च सावलीचा कोपरा असेल तर तिथे हेलिकोनिया किंवा अँथुरियम. अँथुरियमला थेट ऊन अजिबात नको, काथ्या-सोडणाच्या तुकड्यांत वाढवायचं, आणि त्याची पानं उगाच कापायची नाहीत, कारण प्रत्येक पानाच्या बेचक्यातून एक फूल येतं. पान गेलं की फूल गेलं. हेलिकोनिया मात्र पसरतो, त्याला चर मारून अडवा. झावळी पडते, नारळ पडतो, तेव्हा कुंड्या बुंध्याजवळ ठेवू नका, माणसाने पण तिथे बसून फुलं तोडू नयेत.

देवगडच्या काकांचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. काका, तुम्ही लिहिलंय की कलमांना जुलै-ऑगस्टमध्ये कल्टार घालता. कल्टार म्हणजे पॅक्लोब्युट्राझॉल, ते झाडाची वाढ रोखतं म्हणून तर मोहोर यायला आपण वापरतो. पण ते मातीत लवकर संपत नाही, आणि त्या आळ्यात दुसरं काही लावलं तर त्याची मुळं पण तेच पितात, मग पेरं आखूड, पानं बारीक आणि गर्द हिरवी, झाड जागच्या जागी. तुमच्या फोटोत हेच दिसतंय. माती खराब नाहीये.

दुसरं असं की फुलझाडाला ऑक्टोबरनंतर पाणी लागतं आणि कलमाला तेव्हाच ताण हवा असतो, म्हणजे पाणी नको असतं. तुम्ही खालच्या फुलांना पाणी घातलंत की कलमाला पालवी फुटते, मोहोर मागे पडतो. चार फुलांसाठी आंबा घालवू नका, हे मी कळकळीने सांगतो. कलमाच्या घेराखाली जमिनीत काही लावूच नका. कुंड्या ठेवा, त्या जांभ्याच्या चिऱ्यावर ठेवा म्हणजे भोकातून मुळं खाली उतरणार नाहीत, त्यात बिगोनिया, पीस लिली, टोरेनिया छान येतात. मोहोरावर फवारणी कराल तेव्हा त्या बाजूला घ्या. फांद्यांवर सीतेची वेणी, म्हणजे झाडावर वाढणारं ऑर्किड, स्वतःहून आली असेल तर ती राहू द्या, ती बांडगुळासारखी झाडातून रस ओढत नाही, नुसती बसलेली असते. जंगलातून मात्र ओरबाडून आणू नका, आधीच कमी झालीय.

पावसाळ्याचं थोडक्यात. पागोळ्यांच्या खाली कुठलंच नाजूक झाड नको, पाण्याच्या धारेने मुळं उघडी पडतात. सावलीत पानं सुकत नाहीत म्हणून बुरशी लवकर येते, पोफळीला 1 टक्का बोर्डो मिश्रण करताच, म्हणजे 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 100 लिटर पाणी, तेच अबोलीच्या बुडाशी ओता, पण आधी वाफ्यातलं पाणी काढून द्या, नाहीतर औषधाचा उपयोग नाही. गोगलगायी संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेल्या गोणपाटाखाली जमतात, सकाळी गोळा करून मिठाच्या पाण्यात टाका, हातमोजे घालून. हे पहिल्या पावसापासून रोज करावं लागतं, आठवडाभर सोडलं की तेरड्याची कोवळी रोपं एका रात्रीत साफ होतात.

काका, कुंड्या ठेवल्यावर महिनाभराने परत एक फोटो पाठवा, नवीन पानांचा जवळून.