लाइन लॉक बसवताय? आधी एवढं बघा

लाइन लॉक, म्हणजे ब्रेकच्या पाइपात बसवायचा व्हॉल्व्ह, जरूर बसवा, पण त्याच्या भरवशावर हँडब्रेक काढू नका. लॉक फक्त पाइपातला दाब अडवून धरतो. घाट उतरून ब्रेक तापलेले असताना लॉक केलंत, तर ऑइल गार होताना आकसतं, दाब उतरतो आणि गाडी हळूच सरकते. विंच (गाडी खेचायचं दोरवालं यंत्र) ओढताना मात्र हा मस्त कामाला येतो.

- हाताने फिरवायचा घ्या. सोलेनॉइडवाला (विजेवर चालणारा) थोड्या वेळापुरताच. जास्त वेळ ठेवला तर तापतो, बॅटरी खातो.
- पेडल जोरात दाबा, लॉक फिरवा, मगच पाय उचला.
- बसवल्यावर ब्लीडिंग (पाइपातली हवा काढणं) कराच.

नवखे हमखास फसतात ते ट्रान्सफर केसपाशी (फोर-बाय-फोरमध्ये गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी). ती न्यूट्रलला असेल, तर गिअर टाकूनही चाकं मोकळीच! उतारावर चाकाखाली दगड हवाच.